पालखीचा खांदा

ज्येष्ठ सरत येतो, मृगाचा शिडकावा होऊन केनवडच्या काळ्या रानातली ढेकळे नुकती कुठे फुटू लागतात, बियाण्याच्या पोत्यांभोवती घरोघर पेरणीची खलबते चाललेली असतात, आणि हातातले काम क्षणभरही टाकवत नाही अशा नेमक्या त्याच दिवसांत गावात बातमी येते की, शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी शिरपूर जैन सोडून पुढे निघाली आणि आता म्हसला पेनवरून ती रिसोडास येणार. बातमी आणणारा सांगून पुढे जातो. पण ज्याच्या अंगणात ती सांगितली गेली त्याचे चित्त मग औतावर राहत नाही. पालखीची नेहमीची वाट आमच्या शिवेतून जात नाही. जाताना ती रिसोडाकडून जाते आणि पंढरपुराहून परतताना लोणार, मेहकर या मार्गाने येते. या दोन वाटांच्या मध्ये केनवड आहे. त्यामुळे आमच्या गावाने वाट पाहत बसून दर्शन घेतलेले नाही. उठून, चालून, गाडी जुंपून, अलीकडे मोटारीत दाटीवाटीने बसून, ते मिळवलेले आहे.

मला आठवते ते पहिले दर्शन वडिलांच्या खांद्यावरून झालेले आहे. रिसोडच्या रस्त्यावर माणसांची अशी भिंत उभी होती की मला समोर फक्त धोतरे आणि लुगडी दिसत होती. वडिलांनी मला उचलून मानेवर बसवले, आणि एकाएकी माणसांचा तो सारा समुदाय माझ्या पायांखाली आला. शुभ्र वस्त्रांतील वारकऱ्यांच्या ओळी, पताका, अश्व, आणि त्यामागून भोवतालच्या फुलांत अर्धीअधिक बुडालेली पालखी. आत महाराजांचा रुपेरी मुखवटा होता म्हणतात. मला मात्र त्या दिवशी मुखवटा दिसला नाही. दिसला तो पालखीच्या दांडीखालचा एका माणसाचा खांदा. त्यावर चौपदरी घडी घातलेले उपरणे होते, ते घामाने भिजून करडे झाले होते, आणि दांडीच्या दाबाने त्याच्या मध्यभागी एक खोल पन्हळ पडली होती. देव खांद्यावरून जातो, आणि त्याला पाहावयास मीही खांद्यावरच बसलो आहे, ही गोष्ट त्या वयात मला कळली असे म्हणणे खोटे होईल. परंतु ती पन्हळ मनात राहिली, आणि पालखीचा इतिहास वाचताना ती मला पुनःपुन्हा दिसत आली.

पालखी हे मुळात देवाचे वाहन नव्हे, सत्तेचे वाहन होय. संस्कृतात तिला शिबिका म्हणत; पालखी हा शब्द पर्यंक, पल्यंक या शय्यावाचक शब्दांच्या कुळातला मानला जातो, आणि पोर्तुगीज लोकांनी या कुळातलाच एक शब्द उचलून युरोपातील भाषांना दिला. मराठेशाहीत पालखीत बसणे हा पैशाचा प्रश्न नव्हता, अधिकाराचा होता. ज्याच्यापाशी द्रव्य आहे त्याने पालखी करवून घ्यावी आणि रस्त्याने मिरवावे, असे चालत नसे. सरकारातून मान मिळाला पाहिजे, त्या मानाबरोबर भोयांच्या व मशालजींच्या खर्चाची नेमणूक मिळाली पाहिजे, अब्दागिरीचा हक्क असेल तर तो निराळा नमूद झाला पाहिजे. घोडा कोणासही ठेवता येई. पालखी मात्र हुजुरातून मिळावयाची. ज्या दिवशी एखाद्या कारकुनाच्या घरी पालखीचा मान आला त्या दिवशी त्या घराण्याची पायरी बदलली, असे भोवतालचे लोक समजत. माणसाचे पाय जमिनीला लागू न देणे हीच त्या काळी प्रतिष्ठेची परिसीमा होती, आणि ती प्रतिष्ठा दुसऱ्या माणसांच्या पायांवर उभी होती.

हे उभे असणे किती अक्षरशः खरे होते हे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडच्या पायथ्याशी दिसले. अफझलखान शिवाजी महाराजांच्या भेटीस पालखीतून आला. शामियान्यात जे घडले ते घडल्यावर जखमी खानाला पालखीत घालून भोई निघाले, तेव्हा संभाजी कावजीने प्रथम भोयांच्या पायांवर वार केले, पालखी खाली आली, आणि मग खानाचे शिर कापले गेले, असे सभासदाने लिहिले आहे. बखरीत खानाचे नाव आहे, कावजीचे आहे. ज्यांचे पाय गेले त्या भोयांची नावे नाहीत. मी हा प्रसंग लहानपणी अनेकदा ऐकला, शाळेत त्याचे नाटकही पाहिले. पण पालखी वाहणाऱ्यांचा विचार त्यात कधी कोणी केला नाही, आणि मलाही तो पुष्कळ वर्षे सुचला नाही.

भोयांची विद्या ही विद्याच होती. वऱ्हाडातील भोई समाज मासेमारी करी, पाणी भरी, आणि मेणे-पालख्या वाही. ओझे उचलण्यास बळ लागते. परंतु माणूस बसलेली पालखी न हिंदकळता कोस दोन कोस नेण्यास बळापेक्षा निराळे काही लागते. दांडीखालचे गडी उंचीने सारखे असावे लागतात, कारण एक जण चार बोटे उंच असला की भार त्याच्याच खांद्यावर येतो आणि ठेंगण्याचा खांदा नुसता दांडीला टेकलेला राहतो. पाऊल आखूड टाकावे, टाच आपटू नये, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, म्हणजे वरचा हिसका गुडघ्यातच जिरतो. पुढच्याने वाटेतला दगड, खळगा, पाणी मागच्याला सांगत जावे, कारण मागच्याला पालखीआडून काहीच दिसत नाही. आणि सर्वांत अवघड म्हणजे खांदा बदलणे: पालखी जमिनीस टेकू न देता, चाल न मोडता, एकाने मान काढून घ्यावयाची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ती सरकवावयाची. आमच्याकडे सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या दिवशी ज्ञानेश्वरीची प्रत पालखीत ठेवून गावातून दिंडी काढतात. त्या वेळी मी एकदा खांदा दिला, आणि पहिल्याच बदलाला दांडी माझ्या कानशिलावर आदळली. मागून एका म्हाताऱ्या गृहस्थाने हात लावून ती सावरली व म्हणाले, “बाप्पा, मान आंधी काढू नोको, त्याचा खांदा लागू दे, मंग काढ.” ही एवढीशी सूचना म्हणजे त्या सबंध विद्येचे सार होय, असे मला आजही वाटते.

पालखीच्या इतिहासातील खरी घटना म्हणजे हे राजचिन्ह साधूंच्या पादुकांपुढे आणून उभे करण्यात आले, ही होय. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीस नेल्या, तेथे ज्ञानदेवांच्या पादुका सोबत घेतल्या, आणि दोन्ही पादुका एकाच पालखीतून पंढरपुरास नेण्याचा परिपाठ घातला. त्यापूर्वी वारी नव्हती असे नाही. ज्ञानदेवांच्याही आधीपासून ती चालत आलेली आहे, आणि वारकरी गळ्यात वीणा व हातात टाळ घेऊन आपापल्या गावाहून निघत. परंतु त्या वारीला मध्य नव्हता. नारायण महाराजांनी तिला मध्य दिला. ज्या तुकोबांनी शिवाजी महाराजांकडून आलेले राजमानाचे नजराणे परत केले असे परंपरा सांगते, त्यांच्याच पादुकांना त्यांच्या मुलाने दरबारी वाहनात बसवावे, याचा अर्थ लावताना प्रथमदर्शनी मन गोंधळते. पण पालखीत तुकोबा नाहीत. त्यांची पावले आहेत. जो मनुष्य जन्मभर पायी चालला त्याच्या चालण्यालाच नारायण महाराजांनी उचलून धरले. आणि ज्यांनी ते उचलून धरले ते वेठीचे भोई नव्हते, तनख्याचे नव्हते. ते स्वतःच्या इच्छेने, आपापसांत चढाओढ करून, खांदा पुढे करणारे शेतकरी होते. राजाच्या पालखीत बसणारा मोठा ठरे. या पालखीत उचलणाऱ्याला मान मिळू लागला. एवढा मोठा पालट कोणत्याही सनदेने झालेला नाही.

सनदाही पुढे आल्याच. देहू, येलवाडी, किन्हई ही गावे नारायण महाराजांना इनाम मिळाली, आणि इनामाबरोबर जे येते तेही आले: वाटणी, हक्क, भाऊबंदकी. कोणाच्या घराण्याने पूजा करावी, कोणी पालखीचा मान घ्यावा, यावरून तंटे झाले, आणि अखेर दोन पादुकांची एक पालखी राहिली नाही. या भागाविषयी फार लिहू नये असे वाटते. तंट्यांचा तपशील दफ्तरांतून पुष्कळ निघतो आणि तो सगळा एकसारखाच असतो. त्यातून जे उभे राहिले ते अधिक महत्त्वाचे. साताऱ्याकडील आरफळ गावचे हैबतराव पवार हे ग्वाल्हेरास शिंद्यांच्या पदरी सरदार होते. देशी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडले, गुहेत कोंडले, तेथे त्यांनी हरिपाठाचा घोष चालविला आणि सुटका झाली, अशी कथा आहे. सुटल्यावर ते घरी गेले नाहीत. आळंदीस येऊन राहिले. १८३२ च्या सुमारास ज्ञानदेवांच्या पादुकांचा स्वतंत्र सोहळा त्यांनी सुरू केला, आणि लष्करात मुरलेल्या माणसाने तो लष्करासारखाच बसवला. दिंड्यांना क्रमांक, मुक्कामांना वेळा, चोपदाराच्या दंडाला आज्ञेचे सामर्थ्य, रिंगणाला अश्व. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू, नैवेद्य असा लवाजमा पुरविला. आजही त्यांचे दोन अश्व बेळगावकडील अंकलीहून पायी चालत आळंदीस येतात. पेशवाई बुडून चौदा वर्षे झाली होती, मराठ्यांची फौज मोडली होती. आणि त्या मोडलेल्या फौजेची शिस्त, तिचे तंबू, तिचे कर्णे, तिची जरीपटक्याची चाल, हे सारे एका विरागी सरदाराने उचलून वारकऱ्यांच्या स्वाधीन केले. हैबतबाबा १८३६ मध्ये वारले. आळंदीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे. प्रस्थानाच्या दिवशी तिच्यापुढे मान वाकविल्यावाचून कोणी आत जात नाही.

कालांतराने ही पालखी रथावर ठेवून बैलांनी ओढण्याची रीत पडली. कोणाच्या बैलजोडीला मान मिळणार याची आळंदीत महिनोन्महिने चर्चा चालते. दिवे घाटात तर चढासाठी जादा जोड्या लावाव्या लागतात. तरी मुक्काम आला की पालखी रथातून उतरते आणि तळापर्यंत खांद्यावरूनच जाते. नीरास्नानाला पादुका हातांतून नेतात. रथाने अंतर कापले जाते. पण देव नेऊन बसवायचा तो माणसाच्याच अंगावरून, हा आग्रह सुटलेला नाही.

असा आग्रह केवळ वारकऱ्यांचा नाही. जेजुरीस सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, आणि दसऱ्याच्या रात्री गडाची व कडेपठारची अशा दोन पालख्या डोंगरदरीत एकमेकींना भेटतात. पालखी उचलणाऱ्यांना तेथे खांदेकरी म्हणतात. खांदेकरी होणे हा घराण्याचा मान आहे. तुळजापूरची भवानी विजयादशमीच्या पहाटे स्वतः सिंहासनावरून उठते, कारण तेथील मूलमूर्ती चल आहे. अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत बसून ती सीमोल्लंघन करते, आणि मग घोडेगावहून आलेल्या पलंगावर कोजागिरीपर्यंत निद्रा घेते. ही पालखी दर वर्षी नवी होते. घडविणाऱ्याच्या हातांना वर्षाला एकदा देवीसाठी लाकूड तासावे लागते, आणि तसे तासणारी घराणी पिढ्यान्पिढ्या तेच करीत आली आहेत.

या साऱ्यांहून वेगळे, आणि मला अधिक जवळचे, असे कोकणातील शिमग्याचे दृश्य आहे. रत्नागिरीकडील गावांत ग्रामदेवतेला रूपे लावून पालखीत बसवितात, पालखी सहाणेवर आणतात, आणि मग ती नाचवितात. पालखी नाचविणे हा शब्दप्रयोग घाटावरच्या माणसाला प्रथम चमत्कारिक वाटतो. दोघे गडी पालखी खांद्यावर घेऊन ढोलाच्या तालावर गिरक्या घेतात, गुडघ्यावर बसतात, उठतात, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर ती झुलवून टाकतात, आणि दांडी कधी उजवीकडे ओढ घेते, कधी डावीकडे. ही ओढ देवाची आहे, आम्ही केवळ तिच्यामागे जातो, असे ते शपथेवर सांगतात. जमिनीत पुरून ठेवलेला नारळ पालखीने स्वतः शोधून काढावा, याला शेरणे काढणे म्हणतात. मग पालखी घरोघर जाते. मुंबईचा चाकरमानी त्या एका दिवसासाठी रजा काढून आलेला असतो, कारण देव दारात येणार आणि दार बंद असणार, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. ज्या म्हातारीला देवळाची पायरी चढवत नाही तिच्या अंगणात देवी उतरते, ओटी घेते, गाऱ्हाणे ऐकते आणि पुढच्या घरी जाते.

देव बाहेर येतो तो कोणाकरिता, याचे उत्तर या म्हातारीपाशी आहे. परंतु ते उत्तर आपल्या समाजाने अर्धेच दिले, हेही लिहिले पाहिजे. अनेक गावी पालखीची वाट अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीच्या अलीकडेच वळे. जी माणसे देवळात जाऊ शकत नव्हती त्यांच्याचकरिता तर पालखी बाहेर यावयाची, आणि तीच नेमकी त्यांच्या उंबऱ्याशी न जाता परत फिरे. इरावती कर्वे यांनी वारीतून चालून लिहिलेल्या ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळ्या चुली मांडून जेवतात याचे शल्य नोंदविले आहे. ज्या चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे त्यांच्या वारसांना त्या द्वारातून आत जाण्यास मे १९४७ मध्ये साने गुरुजींचे दहा दिवसांचे उपोषण लागले. पालखी उचलणाऱ्याचा खांदा कोणाचा आहे, हा प्रश्न आपल्याकडे देवापुढेही सुटलेला नव्हता. तो आज पुष्कळ सुटला आहे. सर्वत्र सुटला आहे असे म्हणण्यास माझे मन धजत नाही.

जपानच्या उत्सवांचे वर्णन वाचताना मला हे सारे नव्या रीतीने दिसले. तेथे देवतेला घेऊन जाणाऱ्या लहानशा देवळालाच मिकोशी म्हणतात: लाखेने रंगविलेले, वळणदार छपराचे, कळसावर सोनेरी पक्षी असलेले, आणि खाली लांबच लांब आडव्या-उभ्या दांड्या असलेले. तिची परंपरा ७४९ सालापर्यंत मागे नेतात. त्या वर्षी नारा या राजधानीत महाबुद्धाची प्रचंड मूर्ती उभी राहत होती, आणि तिच्या साहाय्यासाठी दूरच्या क्युशू बेटावरील उसा या क्षेत्राहून हाचिमान देव आणण्यात आला. तो ज्या मेण्यातून आला त्याचा रंग जांभळा होता, आणि जांभळा हा सम्राटाच्या वाहनाचा रंग. म्हणजे तेथेही राजाचे वाहन देवाकडे गेले. पुढे हिएई पर्वतावरचे सशस्त्र भिक्षू हीच मिकोशी खांद्यावर घेऊन राजधानीत उतरत आणि आपल्या मागण्या मान्य करून घेत. देवावर बाण सोडण्यास कोणता शिपाई धजणार? गावोगावच्या जत्रांत तरुण मंडळी आरोळ्या ठोकीत मिकोशी वरखाली उसळवितात, हिंदकळवितात, कारण असे हालविल्याने देवाचे तेज वाढते अशी श्रद्धा आहे. आमच्या शिमग्याच्या गड्यांना हे सांगितले तर त्यांना भाषांतराची गरज पडणार नाही. मिकोशी वाटेत मुक्काम करते, त्या जागेला देवाचे प्रवासस्थान म्हणतात, तेथे काही दिवस ती राहते आणि मग स्वस्थानी परतते. भेद आहे तो एकच, पण मोलाचा आहे: मिकोशीत देवतेचे अदृश्य सान्निध्य असते, आमच्या वारीच्या पालखीत कोणा एका माणसाची पावले असतात.

आता वऱ्हाडाकडे येतो. विदर्भातून पंढरपुरास जाणाऱ्या पालख्यांत कौंडण्यपूरच्या रुक्मिणीची पालखी सर्वांत जुनी मानतात. सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये ती सुरू केली असे परंपरा सांगते. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. त्यामुळे पंढरीला जाणारी ही पालखी म्हणजे लेकीची सासरी पाठवणी आहे, आणि वऱ्हाडातील बायका तिच्याकडे त्याच नजरेने पाहतात. शेगावची पालखी त्या मानाने अगदी अलीकडची. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले. मधल्या बत्तीस वर्षांत ते स्वस्थ एका जागी राहिले नाहीत. बाळापूर, अकोट, अकोला, पंढरपूर, जिकडे मन घेई तिकडे अंगावर वस्त्र असो वा नसो ते जात. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात त्यांच्या भ्रमंतीचेच प्रसंग पानोपानी आहेत. अशा अनिकेत पुरुषाची समाधी दगडाची झाली. पण त्याचे चालणे थांबविणे लोकांना मानवले नसावे. संस्थानाने १९६० नंतरच्या दशकात पंढरपूरची पायी वारी सुरू केली. सुमारे सातशे वारकरी, सातशे किलोमीटरांहून अधिक वाट, महिन्याभराचा प्रवास: अकोला, वाडेगाव, पातूर, मेडशी, श्रीक्षेत्र डव्हा, मालेगाव, शिरपूर, रिसोड, तेथून सेनगाव, नर्सी नामदेव, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, तेर, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा.

ही नावे मी मुद्दाम ओळीने लिहिली, कारण यांत एक इतिहास आहे. रिसोडपर्यंतचा मुलूख वऱ्हाडाचा. १८५३ च्या तहाने तो निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. वाशीम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा निराळा झाला. रिसोडच्या पुढे सेनगाव लागले की निजामाची राजवट सुरू होई: निराळे नाणे, निराळी दफ्तरभाषा, सरहद्दीवर जकातीचे नाके. सप्टेंबर १९४८ पर्यंत हीच स्थिती होती. आणि सोलापूर पुन्हा मुंबई इलाख्यात. वारकरी तेव्हाही या सरहद्दी ओलांडून जातच होते; विठ्ठलाने कोणाकडे परवाना मागितला नाही. परंतु सातशे माणसांचा सोहळा, अश्व, तंबू आणि शिधा घेऊन, तीन राजवटींच्या मुलखातून बिनदिक्कत जावा हे १ नोव्हेंबर १९५६ नंतर, वऱ्हाड, मराठवाडा आणि दक्षिण एका राज्यात आल्यावर, सुलभ झाले. संयुक्त महाराष्ट्र कागदावर केव्हा झाला हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या भागातील शेतकऱ्याने तो पायांनी अनुभवला, तो या पालखीमागून चालताना. मराठवाड्यातील एखाद्या गावच्या माउलीने ताटात वाढलेली भाकर आणि वऱ्हाडातील वारकऱ्याचे तिला “माय” म्हणणे, यांतून जे साधले ते मोजण्याचे साधन माझ्यापाशी नाही.

२०२० साली महामारीने सर्व काही थांबविले. मानाच्या पादुका एस. टी.च्या बसमधून पंढरपुरास गेल्या. बसला फुले बांधली होती, आत मोजकी माणसे होती, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंना कोणी नव्हते. त्याच वर्षी क्योतोच्या गिओन उत्सवातील मिकोशींची मिरवणूकही निघाली नाही. जो उत्सव ८६९ साली साथीचे रोग शमावेत म्हणून सुरू झाला तोच साथीने अडविला, आणि तेथील देवतेला एका पांढऱ्या घोड्यावर पवित्र वृक्षाची फांदी ठेवून न्यावे लागले. शेगावची पालखी दोन वर्षे निघाली नाही. त्या दोन ज्येष्ठांत केनवडात बातमी आली नाही. पेरण्या वेळेवर झाल्या, पाऊसही पडला. पण रिसोडच्या वाटेकडे पाहून माणसे काही न बोलता परतत, आणि आपण कशाकरिता पाहिले हे एकमेकांना विचारीत नसत.

२०२२ मध्ये पालखी पुन्हा आली. मी रिसोडास जाऊ शकलो नाही. परतीच्या वाटेवर मेहकरात गाठ घेतली. आषाढ सरत आला होता, सोयाबीन गुडघ्याएवढे झाले होते, रस्त्याकडेच्या नाल्यांना गढूळ पाणी होते. जाताना वारकऱ्यांच्या कपड्यांना जी शुभ्रता असते ती येताना राहत नाही. चिखलाने धोतरांचे काठ तांबूस झालेले, चेहरे रापलेले, आवाज बसलेले, आणि तरी ओळ मोडलेली नाही. पालखी समोर आली तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने आपल्या मुलीला मानेवर बसविले. मुलगी दोन्ही हातांनी त्याचे कान धरून पुढे वाकून पाहत होती. दांडीखालचा एक गडी थकला असावा. त्याने मान न वळविता हात वर केला, गर्दीतून एक जण धावत गेला, उपरण्याची घडी घालीत त्याने खांदा दांडीला लावला, क्षणभर दोघांचेही खांदे तिच्याखाली होते, आणि मग पहिल्याने मान काढून घेतली. पालखी हिंदकळली नाही. ती जानेफळच्या वाटेने पुढे गेली.